बाजारातून दिसणारे शहर : मार्सेय

प्रस्तावना

मार्सेय हे दक्षिण फ्रान्समधील भूमध्य समुद्राकाठचे शहर आहे. जुन्या मराठी पुस्तकांत त्याचे नाव ‘मार्सेलिस’ असे येते. १८६९ साली सुएझचा कालवा वाहतुकीस खुला झाला आणि मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या अनेक आगबोटी या बंदरात थांबू लागल्या. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी ‘मोरिया’ या बोटीतून उडी घेतली ती येथेच. १९३१ साली गोलमेज परिषदेला निघालेले महात्मा गांधीही याच बंदरात उतरले होते. अशा रीतीने मार्सेयचा उल्लेख आपल्या इतिहासात अनेकदा येतो. परंतु त्या शहरातील लोक कोण आहेत, ते काय विकत घेतात, काय रांधतात, हे आपल्याला फारसे ठाऊक नसते. प्रस्तुत पाठात त्या शहराच्या खाद्यपदार्थांच्या बाजारांची ओळख करून दिली आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• मार्सेयमधील प्रमुख बाजारांची वैशिष्ट्ये सांगू शकाल;
• बाजार आणि त्याभोवती राहणारी माणसे यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• आपल्या परिसरातील बाजाराचे वर्णन करू शकाल.

मूळ पाठ

१. जुने बंदर

इसवी सनापूर्वी सुमारे ६०० वर्षे, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील फोकेया या नगरातून काही ग्रीक दर्यावर्दी येथे आले. जमिनीत खोल शिरलेली, वाऱ्यापासून सुरक्षित अशी खाडी त्यांना दिसली. तिच्या काठी त्यांनी वसाहत केली आणि तिला ‘मस्सालिया’ असे नाव दिले. तीच खाडी आज ‘जुने बंदर’ म्हणून ओळखली जाते. मोठी मालवाहू जहाजे आता उत्तरेकडील नव्या गोद्यांत जातात. जुन्या बंदरात शिडाच्या होड्या, सहलीच्या बोटी आणि मच्छीमारांच्या थोड्या नावा उरल्या आहेत.

खाडीच्या टोकाशी असलेल्या धक्क्यावर सकाळी मासळीचा बाजार भरतो. पहाटे समुद्रातून परतलेली नाव धक्क्याला लागते आणि काही पावलांवर मांडलेल्या उथळ निळ्या हौदांत मासळी ओतली जाते. काही मासे अजून तडफडत असतात. विक्रेते मोठ्याने हाका मारून गिऱ्हाईक बोलावतात. मासा कोणी धरला, कोठे धरला, हे विचारायचे झाल्यास उत्तर देणारा मनुष्य समोरच उभा असतो. पूर्वीपासूनची रीत अशी, की पुरुषांनी मासे धरावेत आणि घरच्या स्त्रियांनी ते विकावेत. आजही काही ठिकाणी ही विभागणी दिसते.

या मच्छीमारांची ‘प्र्युदोमी’ नावाची एक जुनी पंचायत आहे. तिचा इतिहास पंधराव्या शतकापर्यंत मागे जातो. मच्छीमारांनी आपल्यातूनच पंच निवडावेत आणि जाळी कोणी कोठे टाकावीत यासंबंधीचे तंटे त्या पंचांनी मिटवावेत, अशी ही व्यवस्था आहे. समुद्र सर्वांचा असल्याने तो कोणा एकाने ओरबाडू नये, हा विचार तिच्या मुळाशी आहे.

२. उरलेल्या मासळीचा रस्सा

मार्सेयचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे ‘बुयाबेस’ हा मासळीचा रस्सा. त्याचा उगम गरिबीत झाला असे परंपरेने सांगितले जाते. चांगली मासळी विकली जाई; खडकांत राहणारे, काटेरी आणि दिसायला ओबडधोबड असे मासे मागे उरत. मच्छीमार ते एका हंड्यात टाकून शिजवीत. पुढे त्यात ऑलिव्हचे तेल, लसूण, टोमॅटो, बडीशेपेचे झाड आणि केशर यांची भर पडली. या रश्शाबरोबर ‘रुय’ नावाची लसूण, मिरची व केशराची चटणी पावावर लावून खातात.

हा पदार्थ नावारूपाला आला आणि त्याच्या नावाखाली हवा तसा रस्सा विकला जाऊ लागला. म्हणून १९८० साली शहरातील काही उपाहारगृहांच्या मालकांनी एकत्र येऊन एक सनद तयार केली. कोणते मासे वापरावेत, त्यांपैकी निदान चार जाती अवश्य असाव्यात, मासे गिऱ्हाइकासमोर कापावेत, असे नियम त्यात घातले. आज या सनदेप्रमाणे केलेला बुयाबेस बराच महाग पडतो. मच्छीमाराच्या हंड्यातला रस्सा त्याच्याच कुटुंबाला सहज परवडू नये, हा काळाचा महिमा म्हणायचा.

साध्या माणसाला परवडणारे पदार्थही या शहरात आहेत. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचे, थंड झाल्यावर त्याच्या चकत्या कापायच्या आणि त्या तेलात तळायच्या. या पदार्थाला ‘पानिस’ म्हणतात. आपल्या पाटवडीशी त्याचे साम्य सहज ध्यानात येईल.

३. घाऊक बाजारांचे स्थलांतर

जुन्या बंदराच्या दक्षिण काठावर मासळीच्या लिलावाची मोठी इमारत होती. १९७६ साली घाऊक लिलाव शहराच्या उत्तरेकडील सोमाती येथे नेण्यात आला. रिकाम्या इमारतीत १९८१ साली नाट्यगृह सुरू झाले. त्याचे नाव ‘ला क्रिए’. ‘क्रिए’ म्हणजे ओरडून पुकारलेला लिलाव. मासळी गेली, तरी तिचा पुकारा नावात राहिला.

‘कूर ज्युलियँ’ नावाच्या चौकाचेही असेच झाले. तेथे पूर्वी फळे व भाजीपाल्याचा घाऊक बाजार होता. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी तो शहराबाहेरच्या बाजूस गेला. आता त्या जागी उपाहारगृहे आणि पुस्तकांची दुकाने आहेत. मात्र दर बुधवारी सकाळी आसपासचे शेतकरी आपला माल घेऊन येतात आणि चौकाला त्याचे जुने रूप थोडा वेळ परत मिळते.

ट्रकांची ये-जा, मालाची साठवण आणि स्वच्छता या दृष्टीने घाऊक बाजार बाहेर नेणे सोयीचे होते. परंतु किरकोळ बाजार असा उचलून नेता येत नाही. तो रोज पिशवी घेऊन पायी येणाऱ्या गिऱ्हाइकांवर जगतो. ही गोष्ट नोआय या भागात विशेष जाणवते.

४. नोआय : शहराचे पोट

जुन्या बंदरापासून ‘कानबियेर’ नावाचा रुंद रस्ता वर चढत जातो. त्याच्या उजव्या हाताच्या अरुंद गल्ल्यांत नोआय वसले आहे. येथील बाजाराला ‘कापुसँ’ असे म्हणतात, कारण एके काळी येथे कापुसँ पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ होता. मार्सेयचे लोक या भागाला ‘शहराचे पोट’ म्हणतात.

या बाजारात उभे राहिले, की भूमध्य समुद्राचे दोन्ही काठ एकत्र आल्यासारखे वाटते. पुदिना आणि कोथिंबिरीच्या जुड्या, ऑलिव्हची पिंपे, मिठात मुरवलेली लिंबे, खजूर, जिरे व हळदीची पोती, रव्याच्या जाड भाकऱ्या असा माल दाटीने मांडलेला असतो. थोडे पुढे भेंडी, कच्ची केळी आणि कसावाचे कंद दिसतात. एकाच फळीवरचा हा माल म्हणजे शहरात आलेल्या माणसांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतून मजूर आले. १९२०च्या दशकात आर्मेनियन निर्वासित आले. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाला, तेव्हा तेथील युरोपीय रहिवासी मोठ्या संख्येने या बंदरात उतरले. अल्जीरियन कामगार त्याआधीपासून येत होते आणि पुढेही येत राहिले. हिंदी महासागरातील कोमोरो बेटांवरील लोकांनीही येथे घर केले. प्रत्येकाने आपली भाकरी, आपला मसाला बरोबर आणला, आणि हळूहळू शेजाऱ्यानेही तो विकत घेतला.

५. भिंतींच्या आतली माणसे

फ्रान्समधील अनेक शहरांत गरीब वस्ती शहराच्या कडेला असते. मार्सेयमध्ये ती मध्यभागीही आहे. नोआयच्या बाजारात विकणारी व घेणारी पुष्कळ माणसे तेथल्याच जुन्या, उंच, एकमेकींना टेकलेल्या इमारतींत भाड्याने राहतात. या इमारतींपैकी अनेकींची डागडुजी वर्षानुवर्षे झाली नव्हती. भिंतींना तडे गेले होते, दारे लागेनाशी झाली होती.

५ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी या बाजाराच्या ओबान्य रस्त्यावरील दोन इमारती कोसळल्या. त्यांत आठ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर शहरभर धोकादायक इमारतींची पाहणी सुरू झाली आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. रहिवाशांनी मोर्चे काढून जाब विचारला. या दुर्घटनेच्या खटल्याची सुनावणी २०२४ साली झाली. जवळच्या एका छोट्या चौकाला आता ‘५ नोव्हेंबर २०१८’ असेच नाव आहे.

आज त्या रस्त्यावर पुन्हा भाजी विकली जाते. पुदिन्याची जुडी घेणारी स्त्री त्या चौकातून जाते. शहर पाहायला येणाऱ्याला बाजाराचे रंग आणि वास आवडतात, आणि ते आवडावेत असेच आहेत. परंतु ते रंग मांडणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचे छप्पर भक्कम नसेल, किंवा दुरुस्तीनंतर वाढलेले भाडे त्याला परवडले नाही, तर तो तेथून जाईल आणि त्याच्याबरोबर बाजारही जाईल. घाऊक लिलाव गेला तेव्हा मागे नाव तरी उरले. शेजार मोडला, तर नाव घेणाराही उरत नाही.

पाठगत प्रश्न

कंसातील योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
१. मस्सालिया ही वसाहत ............ दर्यावर्दींनी वसवली. (रोमन / ग्रीक / अरब)
२. मासळीचा घाऊक लिलाव १९७६ साली ............ येथे गेला. (सोमाती / नोआय / कानबियेर)
३. ‘पानिस’ हा पदार्थ ............ पिठापासून करतात. (गव्हाच्या / तांदळाच्या / हरभऱ्याच्या)

शब्दार्थ

दर्यावर्दी – समुद्रावर प्रवास करणारे
धक्का – बोट लागण्याची बांधीव जागा
सनद – नियमांचा किंवा हक्कांचा लेख
डागडुजी – किरकोळ दुरुस्ती
जाब विचारणे – केलेल्या कृत्याचे स्पष्टीकरण मागणे

आपण काय शिकलो?

• मार्सेयच्या बाजारांत त्या शहराचा व तेथे आलेल्या लोकांचा इतिहास दिसतो.
• घाऊक बाजार दुसरीकडे हलवता येतो; किरकोळ बाजार मात्र परिसरातील रहिवाशांवर अवलंबून असतो.
• बाजार टिकण्यासाठी तेथील माणसांना सुरक्षित आणि परवडणारे घर मिळणे आवश्यक असते.

स्वाध्याय

१. बुयाबेस या पदार्थाच्या स्वरूपात कालांतराने कोणता बदल झाला, ते पाच-सहा ओळींत लिहा.
२. ‘एकाच फळीवरचा हा माल म्हणजे शहरात आलेल्या माणसांचा इतिहास आहे.’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
३. ‘धक्का’ या शब्दाचे दोन भिन्न अर्थ सांगून प्रत्येक अर्थाने एक वाक्य तयार करा.
४. तुमच्या परिसरातील बाजारातील एका विक्रेत्याशी बोला. तो माल कोठून आणतो, कोठे राहतो, किती वर्षे विक्री करतो, ही माहिती मिळवून सुमारे दहा वाक्ये लिहा. विक्रेत्याची परवानगी अवश्य घ्या.

पाठगत प्रश्नांची उत्तरे : १. ग्रीक  २. सोमाती  ३. हरभऱ्याच्या