मैनपाटची परतभेट

प्रश्न : दर हिवाळ्यात आमच्या भागात तिबेटी स्वेटरवाले येतात. यंदा एका आजींना विचारलं, ‘धरमशालेहून आलात का?’ तर हसून म्हणाल्या, ‘नहीं, मैनपाट से. आपके ही छत्तीसगढ़ से.’ माझा जन्म भिलाईतला, पण हे मला ठाऊक नव्हतं. ही माणसं आपल्या उत्तरेकडच्या जंगलात पोचली कशी? आणि तिथे सहज जाता येतं का? — एक वाचक, भिलाई

उत्तर : जाता येतं, आणि तेही रात्री दुर्गला गाडीत बसून. दुर्ग–अंबिकापूर एक्स्प्रेस बिलासपूर सोडून पेंड्रा रोडकडे चढते, अनूपपूरमार्गे मध्य प्रदेशातून जाऊन पुन्हा छत्तीसगडात येते आणि सकाळी सरगुजा जिल्ह्यातल्या अंबिकापूरला सोडते. तिथून मैनपाट साधारण ५० किलोमीटर. धानाची शेतं मागे पडतात, सालाचं रान लागतं, घाट चढतो आणि चढून गेल्यावर शिखर दिसेल म्हणावं तर समोर पसरलेली सपाटी.

सरगुजा-जशपूरकडे अशा सपाट माथ्याच्या डोंगराला ‘पाट’ म्हणतात : मैनपाट, जमीरपाट, पंडरापाट. आपण जेवायला बसतो त्या पाटाची आठवण व्हावी असाच आकार. उंची १,००० मीटरच्या वर. या पठाराखाली दख्खनच्या लाव्ह्याचा काळा दगड आहे. सह्याद्रीतल्या कातळाचा हा दूर पूर्वेला राहिलेला भाऊबंद. वर जांभा आणि त्यात बॉक्साइट, म्हणून खाणीही आल्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. लोक या जागेला ‘छत्तीसगडचं शिमला’ म्हणतात खरे, पण बर्फ पडेल या आशेवर जाऊ नका.

आता तिबेटी माणसांचं. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढच्याच महिन्यात दलाई लामा ल्हासा सोडून भारताच्या वाटेला लागले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. म्हणजे इकडे नोकरीसाठी देशभरातून लोक भिलाईत उतरत होते, त्याच सुमारास तिकडे एक समाज घर सोडून निघाला होता. निर्वासितांसाठी भारत सरकारने ठिकठिकाणी जमीन दिली. १९६२-६३मध्ये मैनपाटची वसाहत उभी राहिली. वस्त्या सात, आणि पत्ता सांगायचा तो ‘कॅम्प नंबर अमुक’ असा. कॅम्प-१, कॅम्प-२ म्हणत वाढलेल्या भिलाईकराला यात नवल वाटू नये. नाव तात्पुरतं पडलं, माणसं कायमची राहिली. दोन्हीकडे तेच झालं.

महाराष्ट्रातही अशी वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावजवळ गोठणगाव-प्रतापगड भागात. विदर्भातल्या नातेवाइकांकडे जाताना तीही पाहता येईल.

मैनपाटला पोचल्यावर काय दिसेल? वाऱ्यावर फडफडणाऱ्या पाचरंगी प्रार्थनापताका, बौद्ध मठ, बटाट्याची शेतं आणि पावसाळा सरल्यावर गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरलेली ‘टाऊ’ची रानं. टाऊ म्हणजे कुट्टू. तुमच्या हिंदीभाषक शेजाऱ्यांकडे नवरात्रात ज्याच्या पुऱ्या होतात, तेच. या पिकाचा दाणा काळपट तपकिरी आणि तिधारी असतो. मुठीत घेतला की कडा टोचतात.

शिवाय ‘जलजली’ला उड्या मारल्या की पायाखालची दलदलीची जमीन गादीसारखी हलते. ‘उलटा पानी’ला ओढा चढावर वाहताना दिसतो. आजूबाजूच्या उतारांमुळे डोळ्याचा अंदाज चुकतो, एवढंच; पाणी बिचारं नियमाप्रमाणे खालीच जात असतं. तरी कागदाची होडी सोडून पाहायचा मोह कुणाला आवरत नाही.

पण तिबेटी लोकांच्या आधीपासून हा मुलूख माझी, उराव, पहाडी कोरवा, पंडो यांचा आहे. उरावांची कुडुख ही कन्नड-तेलुगूच्या द्रविड कुळातली भाषा, तर कोरवांची बोली मुंडा कुळातली. त्यामुळे एकाच आठवडी बाजारात तीन-चार भाषाकुळं शेजारी बसून भाजी विकतात आणि व्यवहार सरगुजियात होतो. राजेंद्र प्रसाद १९५२ साली सरगुजात पंडोंना भेटायला गेले होते. तेव्हापासून पंडोंना ‘राष्ट्रपतींचे दत्तक पुत्र’ म्हणतात. बिरुद मोठं, पण त्यांच्या वाड्यांवर रस्ता आणि दवाखाना आजही सगळीकडे पोचलेला नाही.

म्हणून एक सांगणं. वाडी म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. ओळखीचं माणूस बरोबर असल्याशिवाय कोरवा-पंडोंच्या अंगणात शिरू नका, आणि मोबाइल काढण्याआधी विचारा. भेटायचंच असेल तर बाजारात भेटा, दोन पैशांचं काही विकत घ्या. तिकडे ‘जोहार’ म्हणा, कॅम्पात ‘ताशी देलेक’. अंधार पडल्यावर रानातल्या रस्त्यांवर गाडी घालू नका. या पट्ट्यात हत्तींचे कळप फिरतात, रात्री घरं मोडून धान्य खातात. गावकरी किंवा वनखात्याची माणसं ‘आज इधर मत जाइए’ म्हणाली, तर मुकाट्याने मागे फिरा.

राहता राहिलं कधी जायचं ते. थंडी अनुभवायला लोक डिसेंबरात जातात आणि कॅम्पात बरीच दारं बंद पाहून हिरमुसतात. कारण साधं आहे. बहुतेक लुधियानाचा माल घेऊन घरचे कर्ते त्या वेळी शहराशहरांत स्वेटर विकत बसलेले असतात. तुम्ही मैनपाटला पोचाल, तेव्हा त्या आजी भिलाईत तुमच्याच कोपऱ्यावर असतील! तेव्हा फेब्रुवारी-मार्चमधल्या लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला जा. त्याआधी स्वेटर घेताना आजींना कॅम्प नंबर विचारून ठेवा. इतकी वर्षं त्या आपल्याकडे येतात. एकदा परतभेटीला जायला हवंच.