आधी उसळ, मग फुलका

बाळे, ऑपरेशन झालं, टाके सुकले, जुने ड्रेस शिंप्याकडे आत घ्यायला गेले, झकास. आता जरा मावशीचं ऐक. माझ्या पोटाच्या बायपासला नऊ वर्षं झाली आणि करण्यासारखी एकही चूक मी शिल्लक ठेवलेली नाही. पहिलं दीड वर्ष काही झालं नाही म्हणून मीही निर्धास्त होते. मग एका संक्रांतीला तीन घरची हळदीकुंकवं केली, घरोघर तिळगूळ खाल्ला, शेवटच्या घरी वर उसाचा रस. दीड-दोन तासांनी रिक्षात घामाने चिंब, हात लटपटतायत, आणि आपली गल्ली कुठली तेच सांगता येईना! घरी पोचून रक्तातली साखर मोजली तर ४८. तेव्हा हे लिहून ठेव.

१. चक्कर आली की आधी घड्याळ बघ आणि एक ते तीन तासांपूर्वी काय खाल्लं होतंस ते आठव — आपली पोटाची पिशवी आता अर्ध्या कटिंगएवढी, गोड तिथे थांबत नाही, थेट लहान आतड्यात उतरतं. रक्तातली साखर भसकन चढते, आतड्यातलं जीएलपी-१ हार्मोन उसळतं, स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं. जिना धावत चढलेली साखर उतरताना गडगडते.

२. जेवल्यावर अर्ध्या तासातच पोटात कळ, धडधड, आडवं व्हावंसं वाटलं तर लगेच साखरेचा डबा उघडू नकोस, आधी मोज — ते बहुतेक नुसतं डम्पिंग असतं, म्हणजे खाल्लेलं घाईने आतड्यात ओतलं जाणं, वर गोड खाल्लंस तर आगीत तूप.

३. ताटात आधी उसळ, अंडं, मासा नाहीतर पनीर. फुलका-भात शेवटी — प्रथिनं पुढे बसली की पिठाला घाई करता येत नाही. माझ्या डॉक्टरांनी जेवणाला साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं आणि मधल्या खाण्याला १५ ग्रॅम अशी हद्द घालून दिलीय. एका लहान फुलक्यात अंदाजे १५ येतात, आता तूच हिशोब कर.

४. जेवताना पाणी नको, आणि नंतरही अर्धा तास नको — पाण्यासोबत घास घसरत खाली जातो. पाहुण्यांकडे यजमानीण तांब्या घेऊन मागे लागेल, तिला हसून थांबव.

५. प्यायची साखर सगळ्यात लबाड: उसाचा रस, सरबत, गोड लस्सी, अमृत कोकम — चावायचं काही नाही, अडवायचं काही नाही. ताक आणि बिनसाखरेची सोलकढी मात्र आपल्या माणसांसारख्या, कधी दगा देत नाहीत. दारू तर नाहीच — ती आता लवकर चढते, साखरही पाडते, आणि लोकांना वाटतं पिऊनच झोकांड्या खातेय.

६. उपास करतेस ते ठाऊक आहे, आजीच्या वळणावर गेलीस. पण साबुदाण्याची खिचडी म्हणजे उपासाच्या वेषातली साखरच, तेव्हा दोन घास भगर आणि वाटीभर दाण्याची आमटी घे, शेजारी पनीर — देवाला चालतं, मी विचारलंय.

७. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी ताटावर तुटून पडू नकोस, तीन-चार तासांनी थोडं थोडं खा. पोट लहान झालं म्हणून जीभ लहान होत नाही.

८. पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पुडी हवीच, आणि एक पुडी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये — पिशवीत गोळी तर वाट मोकळी. मी चॉकलेट ठेवायचे. त्यातली चरबी साखरेला उशीर करते आणि ते मध्यरात्री आपोआप संपतं, दोन्ही गैरसोयीचं.

९. आकडा ७०च्या खाली गेला तर १५ ग्रॅम ग्लुकोज घे, म्हणजे चहाचे तीनेक चमचे, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोज. सावरलीस की लगेच मूठभर दाणे नाहीतर उकडलेलं अंडं — नुसत्या साखरेवर सोडलंस तर तीच पुन्हा चढते, पुन्हा पडते, आणि रात्रभर झोपाळा सुरू.

१०. मोजण्याआधी हात धू — आंबा खाल्लेल्या बोटावरचा आकडा खोटा चांगला येतो. दंडावर सेन्सर लावलास तरी तो कमी दाखवेल तेव्हा बोट टोचून खात्री कर.

११. डॉक्टरांनी अकार्बोजसारखी गोळी दिली असेल तर घरातली साखर भरवशाची नाही, ग्लुकोजच हवं — ही गोळी साध्या साखरेचं पचनच रेंगाळवते. मी एकदा साखर फाकून पंधरा मिनिटं ताटकळले होते. आणि मधुमेहाच्या जुन्या गोळ्या आपल्या मनाने चालू ठेवू नकोस, त्या पुन्हा दाखवून घे.

१२. हे फार महत्त्वाचं. पुढेमागे दिवस राहिले आणि कुणी ग्लुकोजचं पाणी पिऊन तपासणीला बसवलं, तर पेला खाली ठेव आणि “माझी पोटाची बायपास झालीय” असं स्पष्ट सांग — त्या एका पेल्याने साखर धाडकन पडू शकते. त्याऐवजी काही दिवस घरी बोट टोचून साखर मोजता येते, डॉक्टरांना तसं विचार.

१३. पर्समधल्या चिठ्ठीवर “पोटाची बायपास, साखर अचानक कमी होते” एवढं लिही. नुसतं बायपास म्हटलं की लोक आधी छातीकडे बघतात. माझ्या वेळी एका शेजाऱ्यांनी मला कोलेस्टेरॉलवर व्याख्यान दिलं होतं, तेही भजी खात.

१४. घरात आणि ऑफिसात एकेकीला शिकवून ठेव — साखर पडली की आपणच “मला काही झालेलं नाही” म्हणून भांडतो. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन. चमच्याने साखरपाणी पाजणारी माया श्वासनलिकेत जाते.

१५. स्कूटरवर घाम फुटला तर कडेला घे. सावरल्यावरही पाऊण तास किल्लीला हात नको — आकडा सुधारला तरी डोकं मागूनच येतं.

१६. काय खाल्लं, किती वाजता, आकडा किती, हे वहीत लिही — डॉक्टरांना “कधी कधी होतं हो” याचा उपयोग नाही. उपाशीपोटी किंवा झोपेत साखर पडायला लागली, आकडा ५४च्या खाली गेला किंवा शुद्ध हरपली तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस — उपाशीपोटी पडणाऱ्या साखरेमागे दुसरंच काही असू शकतं.

रविवारी ये. मटकीला मोड आणून ठेवते, फुलका एकच मिळेल. आणि मागचे दोन डबे परत आण गं, झाकणांसकट.