वळवाची रात्र

चैत्राचा महिना होता. आमच्या गावची आठ माणसे शिखर शिंगणापूरची यात्रा करून परत निघाली होती. बरोबर टेम्पो होता. त्याला चारी बाजूंनी पत्रा, वरही पत्रा. आतच अंथरूण, घागर, भांडीकुंडी. चार दिवस तो टेम्पो म्हणजे घरच झाला होता.

दिवस मावळला. मंडळींनी माळावर मुक्काम केला. माळावर लिंबाचे एकच मोठे झाड होते. त्याखाली पाल ठोकले. शेजारी एक धनगर मेंढरे घेऊन उतरला होता.

भाकरी होतात न होतात, तोच आभाळ काळे झाले. वारा सुटला. धूळ उठली. दूर वीज चमकली. आबांची थोरली सून आकडे मोजू लागली. एक, दोन, तीन... पंधरा म्हणताच गडगडले.

"वीज पाच किलोमीटरवर आहे," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?" आबांनी विचारले.

"उजेड लगेच दिसतो, मामंजी. आवाज मागून येतो. एक किलोमीटर यायला त्याला तीन सेकंद लागतात. साक्षरतेच्या वर्गात वाचलंय."

पुन्हा चमकले. या वेळी नऊ आकड्यांतच गडगडले. वीज जवळ येत होती.

आबा म्हणाले, "झाडाच्या बुंध्याशी उभे राहा सगळे. लिंब दाट आहे. भिजायचं नाही कुणी."

"नको, मामंजी. वीज बहुतेक उंच वस्तूवर पडते. या माळावर झाडच उंच आहे. टेम्पोत चला."

"लोखंडात बसायचं? वीज पडली म्हणजे?"

"पडली तरी ती पत्र्याच्या बाहेरून जमिनीत उतरते. आतल्या माणसाला धक्का बसत नाही. दार तेवढं बंद पाहिजे. पत्र्याला हात लावायचा नाही, पाठ टेकायची नाही."

आबा घुटमळले. पण गारा पडू लागल्या, तसे सगळे आत शिरले. मध्यभागी दाटीवाटीने बसले. सुनेने धनगरालाही हाक मारली.

"मेंढरं टाकून कसा येऊ?" तो झाडाखालून ओरडला.

तेव्हा आबाच ओरडले, "अरे बाबा, मेंढरं पुन्हा होतील! घरी लेकरं वाट बघत असतील. ये आत!"

धनगर धावत आला. दार लावले. थोड्याच वेळात डोळे दिपवणारा लखलखाट झाला. कानठळ्या बसल्या. टेम्पो हादरला.

शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास कोणी बाहेर पडले नाही. मग कंदील घेऊन सगळे उतरले. लिंबाची साल वरपासून खालपर्यंत सोलली होती. झाडाखाली एकोणीस मेंढरे मरून पडली होती. वीज झाडातून उतरून जमिनीत पसरली होती.

धनगर मेंढरांजवळ बसून रडू लागला. आबा त्याच्याशेजारी बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी माझी माणसं इथंच उभी करणार होतो."

सकाळी आबांनीच तलाठ्याला बोलावून पंचनामा करवला. तो झाल्यावर सरकारी मदत मागता येते.

लक्षात ठेवा

१. गडगडाट ऐकू आला, की वीज आपल्यापर्यंत पोचू शकते. लगेच पक्क्या घरात किंवा बंद पत्र्याच्या गाडीत जा.

२. गाडीची चाके रबराची म्हणून आपण वाचत नाही. चारी बाजूंचा पत्रा आपल्याला वाचवतो. म्हणून ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा ताडपत्रीची गाडी यांचा भरवसा धरू नका. आजकाल राहण्याची सोय असलेल्या गाड्या निघाल्या आहेत. त्यांतली एखादी नुसत्या फायबरची असेल, तर तिचाही भरवसा नाही.

३. पाल, तंबू आणि झाड विजेपासून वाचवत नाहीत.

४. वीज लागलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहत नाही. १०८ नंबरला फोन करा. श्वास बंद असेल, तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने, भरभर दाबत राहा. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा.

सांगा पाहू

वीज चमकल्यावर बारा सेकंदांनी गडगडले. वीज किती दूर आहे?

तुमच्या शेतात वीज कडाडली, तर जवळचा आसरा कोणता? आज घरी सर्वांना विचारा आणि ठरवून ठेवा.