मुरुमे आणि मैत्रिणीने सांगितलेले मलम

बारावीतली एक मुलगी तोंडावर ओढणी घेऊन आईबरोबर दवाखान्यात आली. मुरुमांसाठी मैत्रिणीने सांगितलेले मलम तिने चार महिने लावले होते. आरंभी चेहरा उजळला. मलम थांबवताच लाली, आग आणि पूर्वीपेक्षा जास्त मुरुमे! मलमात स्टिरॉइड होते. २०१८ साली केंद्र सरकारने १४ प्रकारच्या स्टिरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच करण्याचा नियम केला. पण हाती आलेली नळी कोण वाचतो?

तारुण्यात संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात, रंध्रांची तोंडे बुजतात व आत जंतू वाढतात. हा अस्वच्छतेचा दोष नव्हे. म्हणून चेहरा घासू नये. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवावा. मुरुमे फोडू नयेत, व्रण राहतात. डोक्याला चपचपीत तेल लावून झोपू नये. स्कूटरवर तोंडाला बांधायचा स्कार्फ रोज धुवावा. गोड व मैद्याचे पदार्थ कमी करावेत.

औषधांपैकी २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा रात्री अ‍ॅडापालिन डॉक्टरांच्या सल्ल्याने पातळ लावावे. गरोदरपणी अ‍ॅडापालिन वर्ज्य. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढा धीर हवा. पाळी अनियमित असल्यास किंवा चेहऱ्यावर गाठी, खड्डे पडत असल्यास तपासणी करून घ्यावी.

घरातील नळीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले, तर ते मलम मुरुमांवर लावू नका. बरेच दिवस लावत असाल, तर नळी घेऊनच डॉक्टरांकडे या. लाजू नका.