मोकळे अंग, मोकळा श्वास

चीनमधील शहरांच्या उद्यानांत पहाटेच्या वेळी वृद्ध स्त्रीपुरुष एकत्र जमून अतिशय संथ गतीने हात उचलताना, वळताना, पाऊल टाकताना दिसतात. पाहणाऱ्यास हे एखादे मंद नृत्य वाटते. वस्तुतः ताइ-ची-च्वान ही युद्धकला आहे. ‘च्वान’ या शब्दाचा अर्थच मूठ असा आहे. तिचा उगम 17 व्या शतकात होनान प्रांतातील चेन कुळाच्या गावी झाला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. तेथे ती शिकून यांग लू-छान (1799–1872) याने बीजिंगमध्ये तिचा प्रसार केला. पुढे त्याचा नातू यांग छंग-फू (1883–1936) याने तिला आज सर्वत्र परिचित असलेले विस्तृत, संथ रूप दिले. 1956 मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांसाठी 24 क्रियांचा संक्षिप्त क्रम सिद्ध करविला. तो पाच-सहा मिनिटांत पुरा होतो.

युद्धकलेने शरीर शिथिल करण्याचा आग्रह का धरावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर स्नायूंच्या रचनेत आहे. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू हात कोपरात दुमडतो, मागचा स्नायू तो सरळ करतो. घाबरलेला किंवा चिडलेला मनुष्य हे दोन्ही स्नायू एकदम आवळून धरतो आणि त्याची बरीचशी शक्ती स्वतःच्याच हाताशी झगडण्यात खर्च होते. दिवसभर मेजावर वाकून लिहिणाऱ्याच्या मानेचे व खांद्यांचे दुखणे पुष्कळदा याच जातीचे असते. शत्रू समोर नसतो, आवळणे मात्र चालूच राहते.

या ताणाच्या उलट अवस्थेला चिनी गुरू ‘सुंग’ म्हणतात. या शब्दाच्या पारंपरिक अक्षरचिन्हाचा वरचा भाग लांब केसांचा द्योतक आहे. बांधलेले केस सोडावेत तशी ही अवस्था. मराठीत केस मोकळे सोडतात, श्वास मोकळा होतो आणि अंगही मोकळे होते. तेव्हा ‘मोकळे’ हाच शब्द येथे सर्वांत जवळचा. ‘ढिले’ हा नव्हे. यांग छंग-फू ‘सुंग’ हा शब्द दिवसातून अनेकदा उच्चारीत असे, अशी आठवण त्याचा शिष्य चंग मान-छिंग याने नोंदविली आहे. तीच सूचना पुनःपुन्हा द्यावी लागावी, यावरून ती आचरणे किती कठीण असेल, हे ध्यानात येते.

आरंभ उभे राहण्यापासून होतो. पावलांत खांद्यांइतके अंतर, गुडघे किंचित वाकलेले, आणि टाळू एखाद्या धाग्याने वर टांगल्यासारखी. छाती पुढे काढावयाची नाही. कवायतीत शिकविलेले सारे येथे विसरावे लागते. सर्वांत हट्टी असतात ते खांदे. ‘खांदे सोडा’ असे म्हणताच नवशिका ते जोराने खाली ओढतो, म्हणजे एका ताणाच्या जागी दुसरा ताण आणतो. यावर उपाय म्हणजे खांद्यांना काहीच न सांगता केवळ उच्छ्वासाकडे लक्ष देणे. श्वास बाहेर जाताना ते आपोआप थोडे उतरतात. पहिल्या क्रियेत श्वास घेत दोन्ही हात खांद्यांच्या उंचीपर्यंत उचलावयाचे आणि श्वास सोडीत खाली आणावयाचे असतात. हात वर जातात, खांदे जात नाहीत. एवढेच साधण्यास कित्येकांना महिने लागतात.

यानंतर शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो. भार पेलणाऱ्या पायाला ‘भरलेला’ व दुसऱ्याला ‘रिकामा’ म्हणतात. भरलेल्या पायाची मांडी लवकरच थरथरू लागते आणि विश्रांतीच्या अपेक्षेने आलेला विद्यार्थी गोंधळतो. येथेच खरा धडा आहे. संपूर्ण शरीर मोकळे करणे म्हणजे प्रत्येक स्नायूला सुटी देणे नव्हे. ज्याचे काम आहे त्याने ते करावे, इतरांनी मध्ये पडू नये. मांडी राबत असताना जबडा आवळण्याचे काहीच कारण नसते.

श्वास नाकाने घ्यावा व पोट सैल ठेवावे, म्हणजे मध्यपटल खाली उतरून पोट अलगद पुढे येते. बेंबीच्या काही बोटे खाली ‘दान-त्यान’ नावाचे स्थान कल्पून मन तेथे ठेवतात. हवा अर्थातच फुप्फुसांपलीकडे जात नाही. तेथे जाते ते अवधान. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून लांब उच्छ्वास मन शांत करण्यास साहाय्यक ठरतो. मात्र बळजबरीने खोल श्वास घेत राहिल्यास रक्तातील कार्बन डायॉक्साइड घटून भोवळ येऊ शकते. प्राणायाम जाणणाऱ्या भारतीय साधकाला येथे कुंभक करण्याचा मोह होतो, तो टाळावा. ताइ-चीत श्वास रोखीत नाहीत. मोजून घेतलेल्या श्वासाला शरीराने अनुसरावे अशी येथे अपेक्षा नसते. संथ हालचालीमागून श्वास स्वतःच येतो.

2012 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंपवाताच्या 195 रुग्णांपैकी काहींनी 24 आठवडे, आठवड्यातून दोनदा ताइ-ची केली. केवळ ताणाचे व्यायाम किंवा वजनाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांचा तोल अधिक सुधारला. रोग त्यामुळे बरा होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

गुडघे दुखत असल्यास फार वाकू नये, आणि गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये. वृद्धांनी जवळ खुर्ची ठेवावी. क्रम संपल्यावर पावले जुळवून, हात मांड्यांशी सैल सोडून, काही श्वास होईपर्यंत उभे राहतात. अशा वेळी तळहात पुष्कळदा उबदार व जड वाटतात. त्यानंतर सावकाश चालावयास आरंभ करतात.