स्वयंसेवी संस्था आणि ध्येयनिष्ठा : दल्ली राजहराचा धडा

भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणारे दल्ली राजहरा हे खाणगाव आज छत्तीसगडच्या बालोद जिल्ह्यात आहे. १९७७ मध्ये तेथील कंत्राटी कामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. त्याच वर्षी २ व ३ जून रोजी झालेल्या गोळीबारात ११ जण मृत्युमुखी पडले. पुढे संघाच्या उपाध्यक्षा कुसुमबाई यांचा योग्य उपचारांअभावी बाळंतपणात मृत्यू झाला. यातूनच स्वतःच्या रुग्णालयाचा निर्धार झाला. कामगारांच्या वर्गणीतून व श्रमदानातून उभारलेले शहीद रुग्णालय ३ जून १९८३ रोजी सुरू झाले.

संविधानाच्या कलम १९ (१) (ग) ने नागरिकांना संघ स्थापन करण्याचा हक्क दिला आहे. १८६० चा संस्था नोंदणी कायदा, सार्वजनिक न्यासांचे कायदे व कंपनी कायदा, २०१३ चे कलम ८ हे नोंदणीचे प्रमुख मार्ग होत. अशा संस्थांना नफा सभासदांत वाटता येत नाही. या निर्बंधामुळे पैसा खासगी खिशात जाण्यास आळा बसतो. परंतु संस्थेचे ध्येय बदलण्यास आळा बसतोच असे नाही.

ध्येयविचलनाची कारणे प्रामुख्याने तीन आहेत. पहिले, निधीचे परावलंबन. देणगीदाराचा अग्रक्रम हळूहळू संस्थेचा कार्यक्रम बनतो. दुसरे, सत्तेचे केंद्रीकरण. संघटना वाढली की निर्णय मोजक्यांच्या हाती जातात, असे रॉबर्ट मिशेल्स यांनी १९११ मध्ये मांडले होते. तिसरे, मोजमापातील गफलत. किती शिबिरे झाली हे मोजणे सोपे असते. आजार किती घटले हे मोजणे अवघड असते. मग संस्था शिबिरेच वाढवीत राहते.

बाह्य नियमनाच्या मर्यादाही येथे स्पष्ट होतात. विदेशी अंशदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. खर्चाचे प्रमाण कायदा ठरवू शकतो. उद्दिष्टाची राखण सभासदांनाच करावी लागते.

दल्ली राजहरा येथे उपचार घेणारे आणि वर्गणी देणारे बव्हंशी एकाच समाजातील होते. त्यामुळे चूक झाल्यास जाब विचारणारा दूर नव्हता. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाई येथे नियोगी यांची हत्या झाली, तरी रुग्णालय चालू राहिले. मात्र या प्रारूपालाही मर्यादा आहे. यांत्रिकीकरणाने कामगारांची संख्या घटली, तर वर्गणीचा पायाही अरुंद होतो. शुल्क वाढविल्यास गरीब रुग्ण दुरावतो आणि बाहेरचा निधी घेतल्यास स्वायत्तता धोक्यात येते.

यावरील उपाय परिचित आहेत : निधीचे विविध स्रोत, मुदतबद्ध पदे, लाभार्थ्यांना कार्यकारिणीत स्थान, हिशेबाचे जाहीर वाचन आणि उद्दिष्टांशी विसंगत देणगी नाकारण्याचा लेखी नियम. स्वयंसेवी क्षेत्रावरील प्रश्नाचे उत्तर लिहिताना विद्यार्थ्यांनी केवळ कायद्यांची यादी देऊ नये. संस्थेला जाब विचारण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणाकडे आहे, हे प्रथम तपासावे.