शोधणं त्याचं, धरणं आपलं

१. ऑटोफोकस की मॅन्युअल, असा प्रश्न लग्नाचं शूटिंग शिकणारी पोरं हमखास विचारतात. एकाच शॉटमध्ये दोन्ही वापरा. अंतर शोधायचं काम ऑटोफोकसचं, ते तो आपल्यापेक्षा झटपट करतो. ते धरून ठेवायचं काम आपलं. मधून कलवरी गेली की फोकस तिच्यामागे धावतो. नवरी कोण हे त्याला ठाऊक नसतं.

२. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा आणि ऑटो फक्त बोटाखाली ठेवा. सोनीच्या अनेक कॅमकॉर्डरवर ‘पुश ऑटो’ बटण असतं: दाबलं की फोकस लागतो, सोडलं की तिथेच थांबतो. मिररलेसवर बहुधा कस्टम बटणाला हे काम देता येतं.

३. खरी परीक्षा अंतरपाटाची. नवरदेवाच्या खांद्यामागून शॉट लावला की ऑटोफोकस कापडावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाला चिकटतो. पांढऱ्यावर लाल, त्याला आणखी काय हवं! शेवटचं मंगलाष्टक संपून अंतरपाट दूर झाला की ऑटोफोकस नव्यानं शोधायला लागतो, त्यात अक्षतांचा पाऊस. नवरीनं वर पाहिलेला क्षण तेवढ्यात निघून जातो. म्हणून बटण दाबून स्वस्तिकावर फोकस घ्यायचा, सोडायचा आणि रिंग अगदी थोडी लांबच्या बाजूला फिरवायची. स्वस्तिक जरा मऊ दिसलं की हात थांबवा.

इथे गणित माहीत असलेलं बरं. फुल फ्रेम, ५० मिमी लेन्स, एफ २.८, अंतर दोन मीटर. शार्प पट्टा जेमतेम पाव मीटरचा, तोही फोकसच्या पुढे-मागे वाटलेला. नवरी कापडामागे फूटभर. एफ ५.६ वर पट्टा दुप्पट होतो, पण उजेड कमी पडतो, तेव्हा आयएसओ वाढवा. छोट्या सेन्सरच्या जुन्या कॅमकॉर्डरवर ही डोकेदुखीच नव्हती. त्या काळच्या कॅमेरामनना आपण उगीच बावळट समजतो.

४. झूम करून फोकस घ्यायचा आणि मग वाइडला यायचं, ही कॅमकॉर्डरची सवय फोटोच्या झूम लेन्सवर नेऊ नका. त्यातल्या पुष्कळ लेन्सचा फोकस झूम बदलला की सरकतो.

५. माणूस कॅमेऱ्याकडे चालत येत असेल तेव्हा मात्र मॅन्युअलचा हट्ट सोडा. नवरी मांडवात येतेय, वरात पुढे सरकतेय. सगळं ऑटोवर टाका, चेहरा ओळखणं चालू ठेवा. निव्वळ कॉन्ट्रास्टवर चालणारी जुनी पद्धत लेन्स पुढे-मागे हलवून चाचपडायची आणि ते चित्रात दिसायचं. कॅननचं ड्युअल पिक्सेल तंत्र २०१३ मध्ये ७०डी मध्ये आलं, त्यात लेन्सला कुठल्या दिशेला जायचं ते आधीच कळतं. सोनी ए७एस थ्रीवर फोकस सरकण्याचा वेग १ ते ७ आणि विषय बदलण्याची उतावीळ १ ते ५ अशी ठरवता येते. विधींच्या वेळी दुसरा आकडा मी १ वर ठेवतो, म्हणजे हार घालणारे हात मध्ये आले तरी चेहरा सुटत नाही.

६. शार्प कडा रंगात दाखवणाऱ्या पीकिंगवर आंधळा विश्वास नको. पैठणीचा काठ चेहऱ्याआधी चमकतो. डोळ्यावर मॅग्निफाय करून बघा.

७. होमाच्या धुरात सरळ मॅन्युअल.

आणि एक विनंती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या कुणालातरी समोर चालायला लावा आणि खाली न बघता फोकसचं बटण दाबायचा सराव करा. मांडवात बटण शोधायला वेळ मिळत नाही.